सोबत्यांचे गुण व आपले गुण

विद्यार्थ्याची योग्यता त्याच्याच उत्तरपत्रिकेवरून ठरवावी, असें कोणीही समंजस मनुष्य म्हणेल. परंतु त्याच्या वर्गांतील सोबती कसे आहेत, किंवा त्याच्यापूर्वीं त्या शाळेंत कोण शिकून गेले, हें पाहून त्याचे गुण कमीजास्त करणें न्यायाचें होईल काय? हा प्रश्न केवळ वादाकरितां काढलेला नाहीं. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींवरून तो आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत शालान्त परीक्षेचे निम्मे गुण सरकारी लेखी परीक्षेचे व निम्मे शाळेनें दिलेले असतात. आतां एका शाळेचे मास्तर सढळ हातानें गुण देतात, दुसरीचे कवडीकवडी मोजून देतात. म्हणून त्या शाळेच्या मुलांनीं सरकारी परीक्षेंत मिळविलेल्या गुणांशीं शाळेचे गुण जुळवून घेण्याची चाल आहे. शाळेंत जो पहिला असेल त्यास त्या विषयांत त्याच्या गटानें परीक्षेंत मिळविलेले सर्वांत अधिक गुण देतात, मग ते दुसऱ्याच कोणीं मिळविलेले असोत. आणि गटाची सरासरी परीक्षेच्या सरासरीइतकी करितात. शाळेनें लावलेला अनुक्रम मोडीत नाहींत. अर्थात् मधल्या मुलाचे शाळेकडील गुण सोबत्यांच्या परीक्षेबरोबर वरखालीं होतात. वही लपविणाऱ्यास अनुक्रमांत लाभ झाला, तरी सगळा वर्ग मागें पडल्यास त्याचाही तोटाच होतो. ही व्यवस्था आम्हांस सोसण्याजोगी वाटते. कारण येथें मास्तरांचें माप तपासलें जातें, तें त्याच वर्षीं त्याच मुलांनीं स्वतः लिहिलेल्या उत्तरांवरून, आणि परीक्षेच्या निम्म्या गुणांस कोणी हात लावीत नाहीं.

इंग्लंडांत 2020 सालीं जें झालें तें निराळें. महामारीमुळें परीक्षा रद्द झाल्या, तेव्हां शिक्षकांनीं अंदाजी श्रेणी व प्रत्येक विषयांतील अनुक्रम लिहून पाठविला. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वाल ह्या संस्थेनें शाळेचे मागील तीन वर्षांचे निकाल घेऊन, मुलांच्या पूर्वींच्या गुणांचाही कांहीं विचार करून, त्या अनुक्रमावर श्रेणी वांटल्या. 13 आगस्ट रोजीं ए लेव्हलचे निकाल लागले, त्यांत शंभरांतील सुमारें 39 श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खालीं आल्या. ज्या शाळेंतून मागें कोणी वरची श्रेणी मिळविली नव्हती, तेथील हुशार मुलास ती मिळणें दुरापास्त झालें. एखाद्या विषयास पांच किंवा कमी विद्यार्थी असतील तर मात्र शिक्षकांचा अंदाज तसाच राखला. आणि असे लहान वर्ग पैसेवाल्यांच्या खासगी शाळांत अधिक असतात!

शिक्षकांचा अंदाज उदार होता हें कबूल केलें पाहिजे. 2019 सालीं वरच्या दोन श्रेणी सुमारें चौथा हिस्सा होत्या. अंदाजच मान्य केल्यावर त्या शंभरांत 38 वर गेल्या. देशाची एकंदर बेरीज जुळावी ही इच्छा गैर नव्हती. परंतु बेरीज जुळविण्याकरितां एका मुलाच्या नांवावर दुसऱ्याची, तीही शाळा सोडून गेलेल्यांची, कमाई लिहिणें आम्हांस पटत नाहीं. त्या मुलानें उत्तर लिहिलेंच नव्हतें, तर तो चुकला असें कशावरून म्हणावें?

आपल्याकडेही 2021 सालीं केंद्रीय मंडळानें दहावीच्या मुलांस परीक्षेवांचून गुण देतांना, शाळेच्या मागील तीन वर्षांतील सर्वांत चांगल्या वर्षाची सरासरी मर्यादा म्हणून धरिली. चांगलें वर्ष निवडण्यांत थोडी दया होती, तत्त्व तेंच.

इंग्लंडच्या सरकारनें 17 आगस्ट रोजीं माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या. तोंपर्यंत कित्येक विद्यापीठांतील जागा भरून गेल्या होत्या, आणि श्रेणी परत मिळालेल्यांपैकीं कांहींजणांस प्रवेशासाठीं पुढील वर्षाची वाट पाहावी लागली.