अंमल

मराठीत ‘अंमल’ हा एकच शब्द राज्यकर्त्याच्या सत्तेलाही लागतो आणि अफूच्या धुंदीलाही. पेशव्यांचा अंमल संपून कंपनी सरकारचा सुरू झाला असे आपण ज्या सहजतेने म्हणतो, त्याच सहजतेने एखाद्यावर दारूचा अंमल चढला असेही म्हणतो. ‘व्यसन’ हा शब्द तर याहून उद्बोधक आहे. आज आपण त्याचा अर्थ माणसाला जडलेली वाईट सवय एवढाच घेत असलो, तरी संस्कृतात संकट, विपत्ती हाही त्याचा अर्थ आहे; आणि कौटिल्याने अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण ‘व्यसनाधिकारिक’ या नावाने रचले, तेव्हा राजाची मृगया, द्यूत व मद्यपान यांच्याबरोबरच अमात्य, जनपद, दुर्ग, कोश या राज्याच्या एकेका अंगावर ओढवणाऱ्या आपत्तींचाही विचार त्याने त्याच शब्दाखाली केला. गेली कित्येक वर्षे न्यू जर्सीत राहून अफूजन्य औषधांनी या देशात मांडलेला अनर्थ पाहताना मला वारंवार वाटत आले आहे, की या शब्दाचा निम्मा अर्थ आपण गहाळ करून बसलो आहोत.

हा अनर्थ गल्लीबोळांतून आला नाही. तो रीतसर मंजुरीचा दाखला घेऊन आला. पर्ड्यू फार्मा या कंपनीने 1996 साली ‘ऑक्सिकॉन्टिन’ नावाची वेदनाशामक गोळी बाजारात आणली. तिच्यातील ऑक्सिकोडोन हे द्रव्य अफूच्याच कुळातले. परंतु ते शरीरात सावकाश भिनत असल्यामुळे त्याच्या गैरवापराचा संभव कमी असावा, असा समज व्यक्त करणारे एक वाक्य सरकारी अन्न व औषध प्रशासनाने मंजूर केलेल्या तिच्या माहितीपत्रकातच होते, आणि ज्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ही मंजुरी मिळाली, तो काही वर्षांतच त्या कंपनीच्या सेवेत रुजू झाला. डॉक्टरांच्या मनातली शंका फेडण्यासाठी आणखी एक आधार हाताशी होता. 1980 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले होते, रुग्णालयात दाखल असताना अशी औषधे दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, असे त्यात म्हटले होते. ते रुग्ण रुग्णालयात, परिचारिकेच्या नजरेखाली होते. महिनामहिना घरी गोळ्या घेणाऱ्या माणसाविषयी त्या पत्रात एक अक्षरही नव्हते. तरी पुढे शेकडो लेखांनी त्याचा हवाला दिला, आणि पाच वाक्यांच्या पायावर एका राष्ट्राची औषधयोजना उभी राहिली.

तिचे फळ पाहायचे तर वेस्ट व्हर्जिनियातील केरमिट या गावाकडे पाहावे. कोळशाच्या खाणींचा तो मुलूख. पाठ मोडेपर्यंत कष्टलेल्या माणसांचा. गावाची लोकसंख्या जेमतेम चारशे, आणि तेथील एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या तशाच अफूजन्य औषधाच्या सुमारे 90 लाख गोळ्या उतरल्या. त्या गोळ्या कोणी चोरवाटेने आणल्या नव्हत्या. पावती व जावक क्रमांकासह घाऊक व्यापाऱ्यांनी त्या पोचवल्या होत्या. 2007 साली पर्ड्यूने आपल्या औषधाविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि सुमारे 60 कोटी डॉलरचा दंड भरला. गोळ्यांची विक्री मात्र चालूच राहिली. कौटिल्याने अमात्याचे व्यसन आणि कोशाचे व्यसन वेगवेगळे मोजले होते. येथे ती दोन्ही हातात हात घालून चालली.

पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे: गोळी महाग व दुर्मिळ झाली तेव्हा माणसे हेरॉइनकडे वळली, आणि हेरॉइनमागोमाग फेंटानिल आले, ज्याचे काही मिलिग्रॅमही प्राण घेण्यास पुरतात. 2021 या एका सालात मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने या देशात 1 लाख 6 हजारांहून अधिक माणसे मेली. व्हिएतनामच्या सबंध युद्धात अमेरिकेचे सुमारे 58 हजार सैनिक पडले होते.

व्हिएतनामचे नाव निघालेच आहे, तर त्या युद्धाने शिकवलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता, आणि हे सारे परत येऊन देशभर काय करतील या धास्तीने सरकारने ली रॉबिन्स या विदुषीकडे त्यांच्या पाहणीचे काम सोपवले. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतील सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनात सापडले. द्रव्य तेच, शरीर तेच. बदलला होता तो भोवताल. घर, काम, आपली माणसे आणि दुसऱ्या दिवशी उठण्याचे काही कारण ज्याला परत मिळाले, तो बहुधा सुटला. केरमिटच्या खाणकामगाराला असे परत जायला दुसरे गाव नव्हते.

मात्र यावरून व्यसन हा केवळ परिस्थितीचा खेळ आहे असे कोणी समजू नये. आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबात थोरला मुलगा अठराव्या वर्षी फुटबॉल खेळताना गुडघा मोडून घेऊन शस्त्रक्रियेला सामोरा गेला, आणि पांढऱ्या टोपणाच्या नारिंगी बाटलीत महिनाभराच्या गोळ्या घेऊन घरी आला. घर सुखवस्तू, आई-वडील दोघेही जिवाला जीव देणारे. त्या मुलाने पुढे मला सांगितले, “काका, तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखायचा थांबला होता, पण गोळी चुकली की सगळं अंग दुखायचं.” वेदना शमवणारी द्रव्ये शरीर स्वतःही निर्माण करते, बाहेरून त्यांचा पूर लोटला की मेंदू त्या पुराला सरावतो, आणि पूर ओसरताच जांभया, वाहते नाक, अंगावर काटा, पोटात पेटके, रात्रीमागून रात्री डोळ्याला डोळा नाही अशी अवस्था येते. त्या अवस्थेतील माणूस सुखासाठी गोळी मागत नसतो. काल सकाळी आपण जसे होतो तसे पुन्हा होता यावे, एवढेच त्याचे मागणे असते. त्याला निर्धाराचा उपदेश करणारे आपण सारे, मीही त्यात आलो, त्या रात्री आपल्या अंथरुणात गाढ झोपलेले असतो.

मुलाला उपचारकेंद्रात ठेवले त्या काळात आई-वडील मंडळाच्या गणेशोत्सवात “तो कॅलिफोर्नियाला शिकायला गेलाय” असे सांगत होते. मी त्यांना दोष देत नाही. परंतु ज्या पुण्यात 1986 साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले आणि व्यसनी माणसाला मारझोडीवाचून, माणूस म्हणून वागवून बरे करता येते हे दाखवून दिले, त्याच पुण्याहून निघालेल्या कुटुंबाला परदेशात आपल्या मुलाचा आजार खोट्या पत्त्यामागे लपवावा लागतो, याचे दुःख मला फार वाटते. लपवण्याची किंमत जिवाची असते. काही आठवडे औषधापासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते; उपचारकेंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आलेला माणूस जुन्याच मात्रेकडे एकट्याने, दार लावून परतला, तर ती मात्रा त्याचा श्वास थांबवते, आणि दाराबाहेर कोणाला कशाची कल्पना नसते.

तुरुंगाविषयीही बोलणे भाग आहे. या देशाने 1986 साली असा कायदा केला, की क्रॅक या स्वस्त कोकेनचे पाच ग्रॅम बाळगून विकणाऱ्याला जी किमान पाच वर्षांची कैद, तीच भुकटीच्या कोकेनच्या पाचशे ग्रॅमना. क्रॅकच्या खटल्यांत कैद भोगणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे शंभरास एक असे प्रमाण 2010 साली अठरास एक असे झाले. समान आजही नाही. गोऱ्या खाणकामगारांची मुले मरू लागली तेव्हा ‘आजार’ हा शब्द राजकारण्यांच्या तोंडी अधिक येऊ लागला. शब्द योग्यच आहे. पण तो ज्यांना वेळेवर मिळाला नाही, त्यांची आयुष्ये कोठडीत गेली.

मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधे आज आहेत, त्यांनी मृत्यू टळतात, आणि तरीही “एक नशा सोडवून दुसरी लावली” असे म्हणणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. मधुमेही माणसाच्या इन्सुलिनविषयी ते असे बोलत नाहीत.

तो मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे आणि एका गोदामात हिशेबाचे काम करतो. गेल्या दिवाळीत फराळाला गेलो होतो, तेव्हा त्याच्या आईने चहासाठी वरचे कपाट उघडले. वेलदोड्याच्या बरणीशेजारी नाकात फवारण्याच्या नॅलोक्सोनची पेटी होती; थांबलेला श्वास परत आणणारे हे औषध 2023 पासून येथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळते. माझी नजर तिथे गेल्याचे पाहून तिने ती पेटी खाली काढली, झाकण उघडले आणि मान कशी मागे करायची, दांडा कुठवर दाबायचा, हे मला दोनदा करून दाखवले. “भाऊजी,” ती म्हणाली, “मुदत पुढच्या जूनपर्यंत आहे. तुमच्या घरीही एक ठेवा. तो तुमच्याकडेही येतो ना.”