मुलाचे ताट : दान, कर्तव्य की हक्क?

मुलाला सकस आणि पोटभर खायला घालणे हे पुण्यकर्म आहे, कर्तव्य आहे की त्या मुलाचा हक्क आहे, हा धर्मविचारातला प्रश्न आहे. त्याचा परिणाम मात्र थेट ताटात दिसतो. ते दान मानले, तर देणाऱ्याचे समाधान झाले की काम संपते. कर्तव्य मानले, तर खाणाऱ्याच्या अंगाला लागले की नाही हे पाहावे लागते. हक्क मानला, तर कमी पडल्यावर जाब विचारता येतो. अन्नदानाला श्रेष्ठ दान मानणाऱ्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. तेव्हा दानाची परंपरा आणि मुलाचे पोषण या दोन गोष्टी आपोआप जुळत नाहीत, हे उघड आहे.

धर्मशास्त्राने या दोहोंत मुळातच फरक केला होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, केवळ स्वतःपुरते रांधून खाणाऱ्याला दोष दिला आहे. हा अन्न वाटून खाण्याचा सर्वसाधारण नियम झाला. याज्ञवल्क्यस्मृती त्यापुढे जाऊन घरातला जेवणाचा क्रमच सांगते. लेकरे, नव्या सुना, वृद्ध, गर्भिणी, आजारी आणि मुली यांना आधी, मग अतिथी व नोकरचाकरांना, आणि उरलेले नवरा-बायकोने खावे, असा तो क्रम आहे. मूल इथे याचक नाही. ते पोष्यवर्गात मोडते, म्हणजे ज्यांना पोसणे गृहस्थावर बंधनकारक आहे त्यांच्यात. हीच स्मृती दानाला मर्यादाही घालते : कुटुंबाच्या भरणपोषणाला बाध येणार नाही एवढेच द्यावे. म्हणजे आधी पोषण, मग दान.

इस्लामी धर्मशास्त्रातही हीच विभागणी आहे. मुलांचा चरितार्थ चालवणे हे बापावरचे बंधन आहे आणि जकात, म्हणजे सक्तीचे धर्मादाय देणे, ही वेगळी बाब आहे. जकातीचे पैसे पोटच्या मुलांवर खर्च करून ती फेडली असे म्हणता येत नाही. दोन्ही परंपरांचा निष्कर्ष एकच निघतो : मुलाला खाऊ घालणे ही मेहेरबानी नाही, आधीचे देणे फेडणे आहे.

घराघरातली रीत या नियमापासून बरीच दूर गेली. अनेक घरांत आधी पुरुषांची पंगत, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी बायका, असा क्रम पडला. दुधाची साय आणि भाकरीवरचे लोणी मुलाच्या ताटात, मुलीच्या ताटात आमटीचे पाणी, ही वाटणी कोणत्याही स्मृतीने सांगितलेली नाही. शेवटी जेवणारी, अनेकदा पातेल्याच्या तळाशी उरलेले खाणारी बाई गरोदर असेल, तर कमतरता जन्मापूर्वीच सुरू होते. मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल या भीतीने तिला कमी खायला सांगण्याची समजूतही काही भागांत आहे. गर्भिणीला अतिथीच्या आधी जेवू घालण्याचा नियम अशा वेळी कोणाला आठवत नाही.

उपवासांचेही तसेच आहे. एकादशीचे व्रत आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीखालच्या माणसाला सांगितले आहे. रोजा वयात येण्याआधी बंधनकारक नाही. दोन्ही धर्मांनी लहान मुलाच्या शरीराची गरज व्रताच्या वर ठेवली आहे. तरीही घरात आईचा उपवास असला की चुलीवर साबुदाण्याखेरीज काही चढत नाही आणि मुलेही तेच खातात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय असतो; त्यातले पोषण बरेचसे शेंगदाण्याच्या कुटाचे. त्या दिवशी मुलासाठी वेगळे वरण-भात किंवा भाकरी-उसळ करण्याला शास्त्राची आडकाठी नाही, आड येतो तो कंटाळा आणि सवय.

आई-बापांची ऐपतच नसेल, तर ते मूल कोणाचे पोष्य, हा पुढचा प्रश्न. बौद्ध परंपरेत याचे उत्तर एका कथेत आले आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार आळवी नगरात हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी बुद्धाचे प्रवचन ऐकायला उशिरा पोचला. बुद्धाने आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच धर्म सांगितला, कारण भुकेल्याला उपदेश कळत नाही. शाळेतल्या जेवणाचे समर्थन याहून नेमके करता येत नाही. शिखांच्या लंगरने त्यात समतेची भर घातली : एका ओळीत, एकाच जमिनीवर, एकच अन्न. महाराष्ट्रात गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न देणे हाच धर्म मानला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले, तेव्हा मुलांच्या दाण्यागोट्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह अंगावरचे दागिने खर्ची घातले. दुसऱ्यांची मुले तिथे आश्रित नव्हती, घरची पोष्य होती.

हेच नाते पुढे राज्यसंस्थेने पत्करले. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये आपल्या एका शाळेत जेवण सुरू केले. १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराज यांनी आणि १९८२ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत त्याचा विस्तार केला. केंद्राची शालेय जेवणाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली, पण बहुतेक राज्यांत मुलांच्या पदरात कोरडे धान्यच पडत होते. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न सक्तीचे केले आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो हक्क ठरवला. जेवण मिळाले नाही तर भत्ता द्यावा लागतो. दाता विसरला तर त्याच्याकडे भत्ता मागता येत नाही. दान आणि हक्क यांतला फरक इथे दिसतो.

हक्क कागदावर आला तरी तो पोचतो पळीने. प्राथमिक वर्गातील मुलाच्या वाट्याला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. प्रथिनांचा तिसरा हिस्सा तरी त्या मूठभर डाळीतून यायचा असतो, शिवाय भातात जे कमी आहे ते डाळच भरून काढते. व्हरांड्यात पंगत बसते, श्लोक होतो आणि वाढप सुरू होते. वरणाचे पातेले न ढवळता वरवर वाढले, तर पहिल्या ओळीला पिवळे पाणी आणि शेवटच्या ओळीला तळाची घट्ट डाळ मिळते. दर वेळी तळापासून ढवळून वाढणे ही साधी गोष्ट, पण समन्याय तिथेच घडतो किंवा बिघडतो. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन पाहण्याचा नियमही याच जबाबदारीतून आला आहे.

रांधणाऱ्या हातांचा प्रश्नही त्या पंगतीत येतो. स्वयंपाकाच्या कामात दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. तरीही २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेतील मुलांनी दलित बाईने शिजवलेले अन्न नाकारले. नाकारण्याचा धडा मुले घरून घेऊन आली होती. अन्नाची निंदा करू नये, हे व्रत तैत्तिरीय उपनिषद सांगते. शिजवणाऱ्याच्या जातीवरून अन्न बाटते असे मानणे ही त्या अन्नाची निंदाच ठरते.

सर्वांत अवघड प्रश्न अंड्याचा. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवून अंडी लोकसहभागातून द्यावीत असे सांगण्यात आले. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला अंडे खायला लावणे हा त्याच्या श्रद्धेवर घाला आहे, यात वाद नाही. पण व्रत ज्याने घेतले त्यालाच ते बांधते. ज्यांच्या घरी अंडे चालते, पण परवडत नाही, त्या मुलांच्या ताटातून ते दुसऱ्याच्या व्रतासाठी काढून घेणे अहिंसेत बसत नाही. उलट बाजूही तेवढीच खरी आहे : एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, केळ्यात जेमतेम एक. अंडे न खाणाऱ्याला केळे देऊन बरोबरी झाली असे मानता येत नाही. दूध, शेंगदाण्याची चिक्की, मोड आलेली मटकी किंवा हरभऱ्याची उसळ देऊन ती भरून काढावी लागते.

मग दानाला जागा कुठे? जयंती, बारसे किंवा वाढदिवसानिमित्त शाळेतल्या मुलांना गोडधोड देण्याची प्रथा गुजरातेत तिथिभोजन म्हणून रुजली आणि आता ती देशभरच्या योजनेचा भाग आहे. असे दान ठरलेल्या जेवणावर भर म्हणून आले तर शोभते. ठरलेल्या जेवणाच्या जागी आले, तर मुलाचा आहार दात्याच्या मर्जीवर लोंबकळतो. आधी पोषण, मग दान हा स्मृतीचा क्रम इथेही लागू पडतो.

शाळेचे जेवण दिवसाच्या गरजेचा एक भाग भागवते. रविवार, सुट्ट्या, सकाळ आणि रात्र घराकडेच राहतात. त्यासाठी महागडे पदार्थ लागत नाहीत : नाचणीची आंबील, ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाणा-गूळ, शेवग्याचा पाला, अंबाडी-मेथीची भाजी, भाजीवर लिंबू. लागते ते वाढण्याचा क्रम बदलणे : मुलगी आणि मुलगा यांना सारखे, गर्भिणीला आधी, आणि उपवास मोठ्यांनी आपल्यापुरता ठेवणे. घराने हे कर्तव्य म्हणून आणि राज्याने हक्क म्हणून केले, तर मुलासाठी दोन्ही एकाच देण्याचे दोन हप्ते ठरतात. ते देणे फिटले की नाही हे पंगतीच्या थाटावरून कळत नाही. दर सहा महिन्यांनी घेतलेल्या मुलाच्या वजन-उंचीवरून कळते.