पडद्यावरचा हिंगूळ

जुन्या हस्तलिखित पोथ्यांत मजकूर काळ्या शाईत असे आणि दंड, ‘उवाच’, अध्यायाची समाप्ती अशा जागा बऱ्याचदा हिंगुळाने लाल केलेल्या असत. चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत. आपला वाक्प्रचार तिथलाच. कुठे थांबायचं, काय सोडून द्यायचं, हे वाचणाऱ्याला रंगच सांगत. कारण पोथी मोठ्याने वाचायची असे आणि ऐकणाऱ्यांपुढे पान नसे.

कॉल सेंटरमधल्या एजंटपुढची स्क्रिप्ट हीसुद्धा अशीच पोथी. तिला रूप देणं हे माझं काम. शब्द दुसरे लिहितात. मी रंग, अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर ठरवतो. याला थीम म्हणतात. ती मजकुरापासून वेगळी ठेवलेली असते, म्हणून एका जागी बदल केला की तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट बदलतात. चूकही तशीच एका क्षणात सगळ्यांपुढे जाते.

माझी एक चूक अजून सलते. नव्या योजनेची ओळ उठून दिसावी म्हणून मी ती ठळक केशरी पट्टीत ठेवली होती. एका गृहस्थांनी वडील गेल्याचं सांगून त्यांचं खातं बंद करायला फोन केला. कामावर येऊन दोन आठवडेही न झालेल्या मुलीची नजर केशरी पट्टीवर गेली आणि तिने योजना वाचायला सुरुवात केली. पलीकडे शांतता, मग फोन बंद. बोलणी तिला बसली. तिची नजर तिथे मी नेली होती.

आता कॉलचं कारण ‘निधन’ असं निवडलं की पडदा फिका होतो, योजनेची पट्टी निघून जाते, बोलायची वाक्यं मोठी दिसतात आणि पहिल्या वाक्यानंतर बरीच जागा कोरी राहते. त्या जागेत एजंटने काही बोलायचं नसतं.

बाकीचं हळूहळू कळत गेलं. बोलायचं वाक्य आणि एजंटसाठीची सूचना वेगळी दिसली नाही, तर थकलेला माणूस ‘ग्राहकाचं नाव घ्या’ हेसुद्धा वाचून जातो. काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, म्हणून रंगाच्या जोडीला खूणही हवी. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ आणल्या की आपल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. ‘दिन’ आणि ‘दीन’ तर सोडाच, ‘कल’ आणि ‘कुल’सुद्धा ओळखू येत नाहीत. आठ तास तेच शब्द वाचणाऱ्या डोळ्यांना हा त्रास द्यायचा आपल्याला काय अधिकार?

आज सकाळच्या पाळीला एजंटच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे. कोणत्या ओळीला डोळे बारीक होतात, तेवढंच पाहायचं आहे.