आधी पाय

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत होते. दर दिवाळीला त्यांच्या अंगणात किल्ला व्हायचा. दगडविटा रचायच्या, वर पोती अंथरायची, चिखल लिंपायचा, मोहरी आणि हळीव पेरून हिरवळ उगवायची आणि मग पापाच्या तिकटीला जाऊन मातीची चित्रं आणायची. सिंहासनावरचे महाराज, तोफ, भालदार, दोनचार मावळे.

त्या वर्षी दोघांनी मोठा बेत धरला. नुसता पन्हाळा नाही, तर पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतची सगळी वाट करायची. 1660 सालच्या 12 जुलैची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, पावसात निघालेली पालखी, महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद, आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. ती अंगणात मांडायची तर मावळे लढताना दिसायला हवेत. बाजारातले मावळे एका साच्यातून निघालेले, सगळे सावधान उभे, भाला जमिनीला टेकवलेला. खिंड अशी लढवली जात नाही.

त्याच सुमाराला त्यांचे काका इंग्लंडातून, नॉटिंगहॅमहून आले. त्या शहराच्या आसपास धातूचे बारके सैनिक ओतणारे बरेच कारखाने आहेत. टेबलावर डोंगर-नद्या मांडायच्या, टेपनं अंतर मोजून फौजा हलवायच्या, फासे टाकून निकाल लावायचा, असा त्या सैनिकांचा खेळ. मोठी माणसंही तो मनापासून खेळतात. एच. जी. वेल्स या नामवंत लेखकानं 1913 साली अशा खेळावर ‘लिटल वॉर्स’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. काकांनी पोरांसाठी अशा सैनिकांचं एक खोकं आणलं होतं. कथील आणि शिशाच्या मिश्रणातून ओतलेले, तळपायापासून डोळ्यांपर्यंत 28 मिलिमीटर उंच. पण ते निघाले युरोपातले सरदार. डोक्यावर लोखंडी टोप, अंगात कड्यांचं चिलखत, एका हातात खाली निमुळती होत गेलेली लांब ढाल, दुसऱ्या हातात सरळ तलवार.

“ह्यांचेच मावळे करूया,” धाकटा म्हणाला.

“करूया की,” ताई म्हणाली.

त्यांनी पकडीनं तलवारी कापल्या. पत्र्याच्या पट्ट्या कातरून त्यांचे दांडपट्टे केले. खऱ्या पट्ट्याचं पातं साडेतीन फुटांचं धरलं, तर या मापात ते जेमतेम दोन सेंटिमीटर भरतं. ते फेविक्विकनं हातांना चिकटवलं. मग एम-सील. त्यातले दोन रंगांचे दोन गोळे सारखे घेऊन चपातीच्या कणकेसारखे मळायचे, रंग एकजीव होईपर्यंत. थोडंथोडंच मळायचं, कारण ते बघताबघता घट्ट होऊ लागतं. बोट आणि सुई पाण्यात बुडवून काम करायचं, म्हणजे चिकटत नाही. लोखंडी टोपांवर या लगद्याची मुंडाशी चढली, कमरेला शेले आले, लांब ढालींच्या जागी गोल ढाली आल्या आणि त्यांवर सुईच्या टोकानं चार-चार फुलं बसवली.

सकाळी उठून बघतात तो निम्मे पट्टे खाली पडलेले.

वडिलांच्या ओळखीचे एक सोनार गुजरीत बसायचे. त्यांनी एक सैनिक चिमट्यात धरून पाहिला आणि दोष लगेच सांगितला. सुईच्या टोकाएवढ्या जागेवर चिकटवलेलं कशाच्या जिवावर टिकणार? हातात आरपार भोक पाडा, त्यात पितळेची बारीक तार घाला, तार ऐरणीवर ठोकून चपटी केली की तिचंच पातं होतं, म्हणजे सांधाच राहत नाही. त्यांनी हातानं फिरवायचं बारीक ड्रिल दिलं, दागिन्यांची करवत दिली आणि दटावून सांगितलं की ह्यात शिसं आहे, कानशीचा भुगा ओल्या फडक्यानं पुसा, हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नका. पोरांनी तसं केलं. आता पट्टे उपटूनही निघेनात.

इथं ही गोष्ट संपली असती, तर ती चांगल्या कारागिरीची गोष्ट झाली असती. पण ताईचं समाधान होईना. मावळे ओळीनं मांडून ती बराच वेळ बघत बसली. मुंडासं होतं, शेला होता, ढाल होती, पट्टा होता. तरी ते मावळे वाटत नव्हते. सोंग घेतलेली परकी माणसं वाटत होती.

“मिशा मोठ्या करूया,” धाकटा म्हणाला. मिशा मोठ्या केल्या. शेल्याचे पदर लांब केले. कपाळावर गंध काढलं, गळ्यात कवड्यांची माळ घातली. जेवढं वर चढवावं तेवढे ते सैनिक जास्तच अवघडलेले दिसू लागले. शेवटी लगदा इतका झाला की एकाची मानच दिसेना.

मला ही जागा महत्त्वाची वाटते. काहीतरी चुकतंय हे कळल्यावर आपण बहुतेकदा हेच करतो, वरून आणखी चढवतो. वरचं चढवणं सोपं असतं आणि ते दिसतंही. त्या लेकरांना दोष देण्याचं कारण नाही, मोठी माणसंही हेच करतात.

पेठेत मर्दानी खेळाचा एक आखाडा होता. संध्याकाळी तिथं पोरं-पोरी लाठी फिरवायची, फरी-गदगा खेळायची. वस्ताद वयानं थकलेले, पण कमरेत ताठ. ताईनं बुटाच्या खोक्यात कापूस घालून चारपाच सैनिक त्यांच्यापुढं नेले.

वस्तादांनी चष्मा लावला. एकेक उचलून उजेडात धरला. पट्ट्याची मूठ बघितली, हात कोपरापर्यंत झाकणारा पत्रा बघितला, मान डोलावली.

“हत्यार झ्याक केलंय,” ते म्हणाले. “पर हा गडी पट्टा फिरवणारा न्हवं.”

“का, वस्ताद?”

“ये हिकडं.”

त्यांनी धाकट्याच्या हातात शिकाऊ, बोथट पट्टा चढवला. पट्ट्याची मूठ तलवारीच्या मुठीहून वेगळी असते. पंजा आत जातो, बोटं आतल्या आडव्या दांडीवर बसतात आणि वरचा पत्रा कोपरापर्यंतचा हात झाकतो. एकदा हात आत गेला की मनगट वळत नाही. पातं मात्र लवचीक, हलवलं की थरथरतं.

“आता त्या तुझ्या शिपायागत उभा ऱ्हा,” वस्ताद म्हणाले.

पोरगा ताठ उभा राहिला. गुडघे सरळ, पाय जवळ, छाती पुढं. खोक्यातले सरदार असेच उभे होते, कारण अंगावर चिलखताचं ओझं आणि हातात मोठी ढाल असलेला माणूस तिच्या आडोशाला उभा राहून घाव घालतो.

“फिरव.”

पोरानं हात फिरवला. पट्ट्याचं टोक सपकन येऊन त्याच्याच नडगीला लागलं. बोथट होतं म्हणून निभावलं.

“बघ,” वस्ताद म्हणाले. “मनगाट वळत न्हाई म्हणल्यावर घाव कुठनं येणार? खांद्यातनं. खांदा फिरायचा तर कंबर फिराय पायजे. कंबर फिरायची तर गुडघं मोकळं पायजेत. गुडघं कशाच्या जिवावर? तळव्याच्या. तुमास्नी वाटतंय हत्यार हातात असतंय. हत्यार पायात असतंय. आधी पाय बदला, मग हातात काय बी द्या.”

मग त्यांनी आखाड्यातल्या एका मुलीला हाक मारली. तिनं पट्टा चढवला, सलामी दिली, पवित्रा घेतला. डावा पाय पुढं, गुडघे वाकलेले, अंगाचा भार खाली. जमिनीवर ठेवलेलं लिंबू तिनं गरकन फिरून कापलं आणि घाव संपला तेव्हा ती पुढच्या घावाच्या पवित्र्यात आधीच उभी होती. ताईची नजर पात्यावर नव्हती. ती त्या मुलीचे पाय बघत होती.

निघताना धाकट्यानं विचारलं, “पण वस्ताद, आपल्या लोकांनी पण परकी हत्यारं वापरलीच की?”

प्रश्न चांगला होता, आणि वस्तादांना तो आवडला. मराठ्यांच्या कितीतरी तलवारींची पाती युरोपातून आलेली. त्यांना फिरंग म्हणायचे. कोल्हापूर दरबारातून 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिलेली आणि आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवारही तशीच आहे, पातं युरोपातलं आणि मूठ इथली. इथले कारागीर परकं पातं आहे तसं वापरत नव्हते. ते त्याला आपली मूठ बसवत. बोटं झाकणारी रुंद वाटी, आत गादी, आणि मुठीच्या टोकाला मागं निघालेली सळई, म्हणजे वेळ पडली तर दुसरा हातही लावता यावा.

“पातं परकं चाललं,” वस्ताद म्हणाले, “कारण धरणारा हात हितला हुता, उभं ऱ्हाणं हितलं हुतं. तुमचं उलटं झालंय. हत्यार हितलं, आन् गडी परका.”

पोरं घरी आली आणि त्यांनी सगळं मोडलं. हे लिहायला एक ओळ लागली, पण ज्यानं हातानं काही घडवलंय त्यालाच कळेल की तयार झालेलं काम मोडताना पोटात कसं कालवतं. मिशा खरवडल्या, माळा काढल्या, शेले कानशीनं उतरवले. पहिल्या सैनिकाचे गुडघे त्यांनी पकडीनं वाकवायला घेतले आणि पाय मोडला. शिसं जास्त असलेला धातू वाकतो, कथील जास्त असलेला तडकतो, हे तेव्हा कळलं. मग करवत घेतली. पाय मांडीशी कापायचे, भोक पाडायचं, तार घालायची, हवा तो कोन साधायचा आणि मधली फट लगद्यानं भरायची. कमरही कापली आणि धड थोडं वळवून पुन्हा बसवलं, म्हणजे खांदा पुढं आला. तार आत असल्यामुळं लगदा सुकेपर्यंत कोन बदलता येत होता. ताई दर वेळी उठून स्वतः तो पवित्रा घ्यायची, धाकटा बघायचा आणि सैनिकाला तसं वळवायचा. काही दिवस घरात कुणीही सरळ उभं नव्हतं.

दोघे वस्तादांकडं पुन्हापुन्हा गेले. विटा कसा फेकतात ते पाहिलं. भाल्याला दोरी, दोरीचं टोक मनगटाला, आणि फेकल्यावर तो ओढून परत घेताना माणूस मागं कसा रेलतो तेही पाहिलं. तो सैनिक करताना त्यांनी दोरी साध्या शिवणाच्या दोऱ्याची केली, पण मागच्या पायाच्या टाचेवर एक अख्खा दिवस घालवला. तो दिवस योग्य जागी खर्च झाला असं माझं मत आहे.

दिवाळीपर्यंत सगळे सैनिक होणं शक्य नव्हतं. झाले तेवढे खिंडीच्या तोंडाशी मांडले. मुंडाशी साधी होती, मिशा बारीक होत्या, रंगसुद्धा काहींवर एकच हात बसला होता. वसुबारसेला वस्ताद स्वतः किल्ला बघायला आले. उकिडवे बसले, खिंडीतला एकेक गडी बघितला. पट्टा असलेल्या एका मावळ्याचं पातं कुणाचा तरी हात लागून वाकलं होतं. धाकटा ते सरळ करायला पुढं झाला.

“ऱ्हाऊ दे,” वस्ताद म्हणाले. “पट्टा काढून घेतलास तरी कळतंय त्यो काय फिरवतोय.”

2024 साली महाराष्ट्र सरकारनं दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. आनंदाची गोष्ट आहे. पट्ट्याची चित्रं आता पुष्कळ दिसतील, किल्ल्यांवरही दिसतील. म्हणून यंदा किल्ला करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगावंसं वाटतं, मावळ्याच्या हातात पट्टा देण्याआधी एका संध्याकाळी जवळच्या आखाड्यात जाऊन बसा आणि खेळणाऱ्यांचे पाय बघा. कुंभार गल्लीत मावळे घडवणाऱ्या आमच्या कारागिरांनाही एक विनंती आहे. पुढच्या दिवाळीला एक तरी नवा साचा वाकलेल्या गुडघ्यांचा करा. पोरं तो मावळा आनंदानं घेतील.