काहीही बोला

भिलाईच्या रिसालीत भाषणाचं आमंत्रण टपालाने येत नाही; भाजी घेताना, नाहीतर संध्याकाळी फिरताना गाठून देतात. "काका, २७ फेब्रुवारीला दोन शब्द बोला ना." विषय विचारला की उत्तर ठरलेलं: "काहीही बोला, तुम्हाला काय अवघड!" माझ्या मते नाही म्हणायची वेळ हीच. काय ऐकायचंय हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याला वक्ता नको असतो, पत्रिकेवर छापायला नाव हवं असतं.

इथे नकार जड जातो, हे खरं. पोलाद कारखान्याच्या नोकरीपायी भिलाईत येऊन राहिलेली मराठी घरं, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. नाही म्हणणारा शिष्ट ठरतो. पण याच भिडेपोटी गणपतीत, शिवजयंतीला, भाषा दिनाला तेच तिघे-चौघे बोलत राहतात. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली. पुढे अशा भट्ट्यांपाशी ज्याने उभी हयात काढली, तो तिसऱ्या रांगेत बसून निवृत्त साहेबांचं ज्ञानेश्वरांवरचं भाषण ऐकतो. साहेबांनी "मी नको, यांना नाइट शिफ्टबद्दल बोलायला सांगा" एवढं म्हटलं असतं, तर सभागृहात कुणी मोबाइल काढला नसता.

नकाराची दुसरीही एक जात आहे. मे १८८५मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तिचं निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना धाडलं. फुल्यांनी पत्राने कळवलं की, सर्वांचे मानवी हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसायचा नाही. पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलं. सभेतली भाषणं आता अभ्यासकांपुरती उरली. पत्र अजून वाचलं जातं. फुल्यांकडे सांगण्यासारखं होतं, पण त्या बैठकीत मावणारं नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या १९३६च्या परिषदेचं अध्यक्षपद स्वीकारलं. भाषणातला मजकूर मंडळाला खटकला, तेव्हा मात्र तो बदलायला त्यांनी साफ नकार दिला. परिषद बारगळली, भाषण त्यांनी पदरमोड करून छापलं. होकार दिल्यावरही असं नाही म्हणता येतं.

आपण मात्र फुल्यांचा आव आणू नये. आपल्या नकारामागे बहुधा तत्त्व नसतं, सांगण्यासारखं काही नसतं इतकंच. मग तसंच सांगावं. तब्येतीची सबब रिसालीत टिकत नाही. त्याच संध्याकाळी कुणीतरी आपल्याला पाणीपुरीच्या ठेल्यावर बघतंच. त्याहून घातक ते "बघतो, कळवतो". आयोजक त्याला होकार समजतो, पत्रिका छापून येते आणि मग खरोखर नाही म्हणणं हा दगा होतो. पहिल्याच भेटीत नाही म्हटलं, तर बिचाऱ्याला दुसरा माणूस शोधायला आठवडा तरी मिळतो. वक्त्यासाठी आणलेली शाल कुणाला घालायची, ते मंडळ बघून घेईल.