कॅल्शियम भरपूर आहे

देणं सोपं आणि घेणं अवघड, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. बँकेत माझी बावीस वर्षं झाली, आणि काउंटरच्या आतून बघितलं तर नेमकं उलटं दिसतं. पैसे काढायला आलेला माणूस बिनचूक असतो. आपल्याला किती हवेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं, तो अंकी आणि अक्षरी रक्कम जुळवून लिहितो, नोटा दोनदा मोजतो, मगच खिडकी सोडतो. गोंधळ घालतो तो भरणा करणारा. खातं क्रमांक भलत्याचाच, तारीख कालची आणि चेहऱ्यावर भाव असा की, ‘अहो, पैसे आणून देतोय, तरी तुमची तक्रार?’ आपलं देणं चुकूही शकतं, हे देणाऱ्याला पटतच नाही. हातून काही सुटलं की पुण्य जमा झालंच, अशी त्याची समजूत असते.

तर प्रश्न असा की, दुसऱ्याला द्यायचं ते काय, किती आणि कशावरून ठरवून? यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मी कॉमर्सचा पदवीधर, मला ग्रंथांचा अधिकार नाही. पण या प्रश्नाचं मला पटेल असं उत्तर एका काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात सापडलं.

पेटी माझ्या भाच्याची. तो न्यू जर्सीत असतो. माझी रजा साठली होती आणि तिकिटं त्याने काढली होती, अशा दुहेरी योगावर आम्ही उभयता तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. त्याच्या दिवाणखान्यात पावणेतीनशे लिटरची समुद्री टाकी आहे. तिच्यात मासे चार. बाकी सगळी प्रवाळं. हिरवी, जांभळी, फांद्या फुटलेली.

“एवढ्या पाण्यात चारच मासे?” सौ.ने विचारलं.

“मामी, मासे शोभेला आहेत. संसार प्रवाळांचा आहे.”

सौ.च्या मते खाऱ्या पाण्यातली वस्तू एक तर तळायची असते, नाही तर मंगळ कडक असल्यास अंगठीत घालायची असते. तिने मान हलवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. (हे वाचून कुणी दुकान शोधायला निघू नये. आपल्याकडे दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला आहेत. डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये वाघ पाळता येत नाही, तसंच हे.)

प्रवाळ हे झाड नव्हे, प्राणी आहे, आणि अगदी आपल्यातलाच. सगळा जन्म घर बांधण्यात घालवतो. त्याच्या बांधकामाचं साहित्य कॅल्शियम कार्बोनेट. खडू आणि संगमरवर ज्याचे, तेच. हा माल तो भोवतालच्या पाण्यातूनच काढून घेतो. समुद्रात त्याची चिंता नसते. लिटरमागे कॅल्शियम ४१० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम तेराशेच्या जवळ आणि अल्कलिनिटी नावाची एक चीज साधारण ७ डिग्री. ही अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः आपल्या खाण्याच्या सोड्यात असतं त्या बायकार्बोनेटचं माप. कितीही गिऱ्हाइकं येवोत, समुद्राची शिल्लक हलत नाही. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं एक पठार आहे. त्याचं नाव अँग्रिया बँक. तिथे प्रवाळं आहेत. जिच्यात पिढ्यान्‌पिढ्या नुसते काढणारेच आले आणि तरी जी बुडाली नाही, अशी माझ्या माहितीतली ही एकच बँक.

टाकी म्हणजे मात्र गल्लीतली पतपेढी. चार मोठे खातेदार रोज काढायला लागले की तिजोरीचा तळ दिसतो. म्हणून तिथे रोजचा भरणा बाहेरून करावा लागतो. त्याला ही मंडळी ‘डोसिंग’ म्हणतात. त्यासाठी भाच्याच्या कपाटात बाटल्यांची रांग होती. कॅल्शियमची, सोड्याची, मॅग्नेशियमची. हा मुलगा दर दोन दिवसांनी परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचा, त्यात रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचा आणि वहीत आकडे लिहायचा. ते अक्षर आणि ती आखलेली वही बघून मला त्याच्याबद्दल प्रथमच आदर वाटला.

एका रविवारी त्याचा मित्र आला. त्याच्या टाकीतली प्रवाळं फिकी पडत होती, वाढ थांबली होती. प्रवाळ म्हणजे कॅल्शियम, हे कुणालाही कळतं. त्याने कॅल्शियमची बाटली ओतली. सुधारणा नाही, म्हणून आणखी ओतली. भाच्याने त्याने आणलेलं पाणी मोजलं. कॅल्शियम ५२०. अल्कलिनिटी साडेचार.

“अरे, कॅल्शियम भरपूर आहे,” भाचा म्हणाला. “संपलंय ते दुसरंच.”

मग त्याने जो हिशेब मांडला, तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. प्रवाळाच्या घराला दोन्ही लागतात. कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचं हे जोडखातं आहे, एकाच्या सहीवर पैसे मिळत नाहीत. अल्कलिनिटी एक डिग्री उतरते, तेव्हा कॅल्शियम फक्त सातेक मिलिग्रॅम खर्ची पडतं. आता ४१० मधले ७ गेले, तर पासबुकाला पत्ताही लागत नाही. पण ७ डिग्रीतली एक गेली, तर सातवा हिस्सा गेला. खर्च दोघांचा जोडीने होतो, पण एकाची शिल्लक गडगंज आणि दुसऱ्याची तुटपुंजी. म्हणून आधी आटतं ते बिननावाचं, आणि आपण ओतत राहतो ते नावाजलेलं.

मित्र म्हणाला, “मग आता सोडा ओततो सगळा.” तेही नाही! दिवसाला एखाद्या डिग्रीहून जास्त चढवू नये, असा संकेत आहे. उपाशी माणसाला एकदम पुरणपोळीचं जेवण घालू नये, तसं. दोन्ही बाटल्या एकदम एकाच जागी ओतल्या, तर आणखी मजा. कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथेच एकमेकांना धरून पांढरी भुकटी होऊन बसतात. दान झालं, पण पोचलं कुणालाच नाही. एरवी हे होऊ देत नाही ते मॅग्नेशियम. स्वतः फारसं खर्ची पडत नाही. पण ते पुरेसं असलं की या दोघांना वाटेतच दगड होऊन बसता येत नाही. मोठ्या कुटुंबात अशी एक आत्या असते. ती माजघरात नुसती बसलेली असते आणि घर चालतं. ती काय करायची, हे ती गेल्यावर कळतं.

या सगळ्याचं सार भाच्याने एका वाक्यात सांगितलं : जे मोजलं नाही, ते ओतायचं नाही.

सौ.ला हे मुळीच पटलं नाही. “माणसांत का कुणी असं मोजून देतं? आईने कधी मोजून वाढलंय?” बिनतोड प्रश्न होता. मलाही रात्रभर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना तिच्याकडेच बघून उत्तर मिळालं. आई मोजते. सतत मोजते. फक्त तिची नजर पातेल्यावर नसते, ताटावर असते. कुणाची भाजी संपली, कुणी भाताशी नुसताच खेळतोय, हे तिला पाठमोरी असतानाही दिसतं. आपल्यासारखे दानशूर मात्र पातेल्याकडे बघत वाढतात. आपल्याकडे काय उरलंय, काय देताना बरं वाटतं, कशाचं नाव होतं, यावर आपला डोस ठरतो.

आता कुणी म्हणेल, ज्याचं संपलंय त्याने तोंडाने मागावं. इथेच या रसायनात एक गोम आहे. त्या दोन बाटल्यांत असतं कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियमचा क्षार. प्रवाळ आपल्याला हवं ते उचलतं आणि मागे उरतं सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे मीठ! रोज देता देता पाणी हळूहळू अधिक खारट होत जातं. म्हणून मधून मधून त्यातलं थोडं पाणी काढून ताजं घालावं लागतं. प्रत्येक देण्यामागे असं मीठ उरतं. खाल्ल्या मिठाला जागावं, ही घेणाऱ्याची नीती आपण घोकून पाठ केली. पण आपण दिल्यामुळे साचलेलं मीठ आपणच गुपचूप उपसावं, ही देणाऱ्याची नीती कुणी शिकवत नाही. आणि मीठ साचलं की घेणारा बोलेनासा होतो.

सांगलीला आमची एक मावशी आहे. वय अठ्ठ्याहत्तर. मुलं तीन, पुणे, बंगळूर आणि टोरांटो. तिघंही गुणी, हे मी शपथेवर सांगेन. हाडं ठिसूळ झाली असं डॉक्टर म्हणाल्यावर तिघांनीही कॅल्शियमच्या गोळ्या पाठवल्या. टोरांटोची बाटली तर लोणच्याच्या बरणीएवढी आहे. शिवाय पाय चेपायचं यंत्र, गुडघ्याचे पट्टे आणि महिन्याला बँकेत पैसे. मावशीचे यजमान होते तोवर रोज सकाळी दोघांचं वर्तमानपत्रावरून भांडण व्हायचं. पान तीन कुणी आधी वाचायचं, इथपासून मंत्रिमंडळ कुणाला चालवता येत नाही, इथपर्यंत. ते गेल्याला चार वर्षं झाली. बोलणारे पुष्कळ येतात. पण वय झालेल्या बाईशी सगळे गोडच बोलतात. भांडायला कुणी नाही. ही शिल्लक मुळातच थोडी असते, आणि कुठल्याही तपासणीच्या अहवालात तिचा आकडा येत नाही.

‘मुलांना सांग ना,’ असं मी म्हटलं, तर मावशी म्हणाली, “एवढं करतात रे बिचारी. आणखी काय मागायचं?” ते मीठ.

दिवाळीत मी तिथे असताना पुण्याचा फोन आला. “आई, काही हवंय का? पाठवू?”

“नको रे. कॅल्शियम भरपूर आहे.”

तिकडून समाधानाचं ‘बरं’ ऐकू आलं. मावशीने फोन ठेवला, तेवढ्यात दाराशी फुलपुडीवाला आला. मावशी काठी न घेताच उठली. पुडी उघडून तिने शेवंती मोजली, दोन फुलं कमी भरली, आणि तिचा आवाज जो चढला तो मी चार वर्षांत ऐकला नव्हता. फुलपुडीवालाही कच्चा नव्हता. त्याने महागाई काढली, तिने त्याच्या बापाचा प्रामाणिकपणा काढला. मला मोजायची सवय लागली आहे, म्हणून मी घड्याळात बघितलं. चांगली अकरा मिनिटं भांडण चाललं होतं. जाताना तो म्हणाला, “उद्या बघतो तुमच्याकडं.”

“ये की,” मावशी म्हणाली, “मी पण बघते.”