थकलेल्याचा संकल्प

हैदराबादेतील दिलसुखनगर ही वस्ती रात्री कधी पुरती निजते, असे आम्हांला वाटत नाही. शिकवणी-वर्गांसाठी गावोगावहून आलेली मुले वसतिगृहांच्या खोल्यांतून दिवे लावून बसलेली असतात; शहराच्या पश्चिम टोकाच्या संगणक-कंपन्यांतून रातपाळी आटोपून आलेले तरुण पहाटे मोटारींतून उतरत असतात; आणि उजाडण्यापूर्वीच रस्त्याकडेच्या गाड्यांवर इडलीची भांडी चढतात. ह्याच वस्तीत साईबाबांचे प्रसिद्ध मंदिर आहे. शिर्डीच्या आरत्या तेलुगू भाविकांच्या तोंडून, परंतु मराठी शब्दांतच, ऐकताना घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला क्षणभर आपण आपल्या गावी असल्यासारखे वाटते.

अशाच एका पहाटे, काकड आरतीनंतर, आमच्या परिचयाचा एक तरुण खांबाला टेकून बसलेला आम्हांस दिसला. तो मूळचा नांदेडकडचा. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा इकडे रात्री बसून तिकडच्या ग्राहकांच्या अडचणी सोडवावयाच्या, हे त्याचे काम. पाच-सहा वर्षांत त्याचे वजन भराभर वाढले होते आणि रक्तातील साखर वाढू लागल्याची समज डॉक्टरांनी नुकतीच दिली होती. जवळून जाणारे एक वृद्ध गृहस्थ सहज बोलून गेले, "अरे, जिभेला थोडा आवर घाल आणि सकाळी चालत जा. मनात आणले तर काय कठीण आहे?" बोलणे प्रेमाचेच होते. ते गृहस्थ पुढे गेल्यावर तो तरुण आम्हांस म्हणाला, "काका, मनात आणायचे नाही असे नाही. पण पाळी संपवून घरी पोचेपर्यंत मनच शिल्लक राहत नाही. ते कुठून आणू, एवढे सांगा."

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही. पुढे विचार करता असे वाटले, की हा प्रश्न एका देहाच्या वजनाचा नसून नीतीचा आहे. जो थकलेला आहे, त्याच्या हातून संकल्प होत नाही. तर तो दोष कोणाचा? आणि थकवा खरा असला, तरी मनुष्य आपल्या देहाविषयीच्या कर्तव्यातून मोकळा होतो काय?

स्थूल मनुष्याकडे पाहण्याची आपली एक जुनी दृष्टी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल देहाची गणना निंदित मानलेल्या आठ देहांत केली आहे. त्याची कारणेही तेथे दिली आहेत: अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थांचे सेवन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, नित्याचा हर्ष आणि निश्चिंतपणा. बीजाचा, म्हणजे जन्मजात घडणीचा, उल्लेखही तेथे आहे. ही यादी नीट वाचली असता तिच्यातून एका विशिष्ट माणसाचे चित्र उभे राहते. तो खाऊनपिऊन सुखी आहे, दुपारी लोडाला टेकून झोपणारा आहे, त्याला कशाची चिंता नाही. अशा माणसास शास्त्रकाराने जागरण करावयास व चिंतन वाढवावयास सांगितले, तर ते यथायोग्यच होय.

परंतु खांबाला टेकून बसलेल्या त्या तरुणाचे चित्र ह्याच्या अगदी उलट आहे. त्याला जागरण कमी नाही, ते अतोनात आहे. चिंता कमी नाही. घराचे हप्ते, मुलांची फी, गावाकडे म्हातारे आईवडील, हे सर्व त्याच्या उशाशी आहे. जुन्या काळचा स्थूल मनुष्य सुखाने फुगलेला होता. आजचा पुष्कळदा श्रमाने फुगलेला आहे. देह बाहेरून सारखा दिसतो म्हणून आपण जुनीच निंदा नव्या माणसास लावतो, आणि ज्याला औषध म्हणून झोप द्यावयाची त्याला आणखी जागावयास सांगतो. आमच्या मते पहिली चूक येथे आहे, आणि ती त्या तरुणाची नव्हे.

नवे शरीरशास्त्र ह्याविषयी काय सांगते, तेही पाहण्याजोगे आहे. देहाच्या आत दिवस-रात्रीचे एक घड्याळ चालते. ते कसे चालते, ह्याच्या शोधाबद्दल हॉल, रोसबॅश व यंग ह्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री खाल्लेले अन्न देह दिवसाइतक्या सहजतेने पचवून उपयोगात आणीत नाही. आणि झोप अपुरी झाली की भूक वाढविणारी द्रव्ये वाढतात व तृप्ती देणारी घटतात. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक लहानसा प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो. दहा स्थूल माणसांना मोजके अन्न देऊन चौदा दिवस साडेआठ तास अंथरुणात राहू दिले, आणि पुन्हा चौदा दिवस, तितक्याच मोजक्या अन्नावर, केवळ साडेपाच तास. वजन दोन्ही वेळी सुमारे तीन किलोच उतरले. पण भरपूर झोपेच्या दिवसांत त्यांपैकी चरबी होती १.४ किलो, आणि अपुऱ्या झोपेच्या दिवसांत केवळ ०.६ किलो. उरलेली झीज चरबीवाचूनच्या देहाची होती, ज्यात मांसपेशी येतात. शिवाय भूक वाढली ती निराळीच. झोप मोडून केलेला उपवास नको ते झिजवितो आणि हवे ते झिजवीत नाही, असाच ह्याचा अर्थ होय. प्रयोग दहाच माणसांवरचा आहे, हे आम्ही विसरत नाही. तथापि त्याची दिशा पुष्कळांच्या अनुभवाशी जुळते.

दिलसुखनगरपासून फार दूर नाही अशा तारनाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या, म्हणजे उणिवेतून होणाऱ्या रोगाच्या, अभ्यासासाठी जिचा आरंभ झाला, ती ही संस्था १९५८ साली हैदराबादेस आली. त्याच संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराचे जे सतरा नियम प्रसिद्ध केले, त्यांत पोटावरील चरबी व स्थूलता टाळण्याचा नियम आहे. शंभर वर्षांत आपला प्रश्न उणिवेकडून अतिरेकाकडे कसा सरकला, हे ह्या एका संस्थेच्या इतिहासातही दिसते. मात्र ताटात भर पडली म्हणून माणसाच्या वाट्याचे सारेच वाढले, असे नव्हे. विसावा घटला. आणि ज्याचा विसावा घटतो तो पुष्कळदा ताटातूनच तो भरून काढू पाहतो. पहाटे तीन वाजता घेतलेला गोड चहा आणि वेफर्सची पुडी ही चैन नव्हे. झोपेच्या जागी दिलेली ती लाच आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योगी पुरुषाविषयी जे सांगितले आहे, ते ह्या संदर्भात पुन्हा वाचावे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति झोपणाऱ्याला नाही, तसाच अति जागणाऱ्यालाही नाही, असा तेथील आशय आहे. आहार आणि निद्रा ही दोन्ही एकाच श्वासात सांगितली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपण मात्र त्यांपैकी आहाराचा संयम तेवढा पुण्य म्हणून उचलला आणि निद्रेचा संयम म्हणजे कमी झोपणे, असा सोयीस्कर अर्थ केला. संकल्पशक्ती ही देहापासून अलिप्त अशी एखादी ज्योत नाही. तिलाही तेल लागते, आणि झोप हे त्या तेलापैकी एक आहे. रिकाम्या समईत वात पुढे सरकवून उजेड पडत नाही.

येथे कोणी विचारील, की मग हा तरुण सर्व जबाबदारीतून सुटला काय? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. थकवा हे कारण आहे. ते कायमचे निमित्त होऊ देणे हा मात्र दोष आहे. साखर वाढली की ती कोणाच्या अडचणी विचारीत नाही. आपल्या देहावर पत्नीचा, मुलांचा, आईवडिलांचाही हक्क असतो. पण कर्तव्य शक्तीच्या मापाने सांगावे, हा आपल्या धर्माचाच नियम आहे. एकादशीचे व्रतसुद्धा बालकास, वृद्धास व रोग्यास सवलत देते. मग थकलेल्यास पहिल्याच दिवशी निर्जळीचा उपदेश कशाला? चरकाने जागरण सांगितले तेही क्रमाक्रमाने वाढवावे असे सांगितले. औषध बदलले तरी तो क्रम बदलत नाही.

म्हणून आमचे मत असे, की अशा माणसाचा पहिला संकल्प अन्नाचा नसावा, झोपेचा असावा. पाळी संपल्यावर खिडकीला जाड पडदा लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, सात तास देहाला परत द्यावेत. चालणे पाळीनंतर, डोळे मिटत असता करू नये. झोप झाल्यावर, संध्याकाळच्या उजेडात, सरूरनगरच्या तळ्याच्या बाजूला पंधरा मिनिटे गेले तरी आरंभास ते पुरे. मुख्य जेवण पाळीला निघण्यापूर्वी करावे; रात्रीसाठी घरूनच ताक, फुटाणे किंवा एखादे फळ न्यावे, म्हणजे तीन वाजता, मन सर्वांत दुबळे असते त्या घटकेला, निवड करण्याची पाळीच येत नाही. निश्चय ताजेपणी करून ठेवावा आणि थकलेल्या वेळी तो केवळ पाळावा. थकलेल्या मनाकडून नवा निश्चय मागू नये. आणि भरपूर झोपूनही थकवा जात नसेल, किंवा झोपेत घोरता घोरता श्वास अडत असेल, तर ते मनाचे दौर्बल्य न मानता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तथापि हे सात तास एकट्याच्या निश्चयाने मिळत नाहीत. घरच्या माणसांनी दिवसाच्या त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतका मान द्यावा लागतो. सकाळी दहा वाजता झोपलेल्या माणसाला आपण आळशी म्हणतो आणि रात्री दहाला झोपलेल्यास नियमित. दोघांचे श्रम मात्र मोजीत नाही. मालकावरही ह्याचा भार आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळू लागली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्यांनी आपल्या मागणीच्या पुष्ट्यर्थ मांडल्याचे सांगतात. विश्रांती मनोनिग्रहाने मिळत नाही. ती पुष्कळदा नियमाने मिळवावी लागते. आठवड्या-आठवड्याला पाळी बदलून कामगाराच्या देहाचे घड्याळ विसकटणाऱ्या व्यवस्थापकांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि देवळात जमणाऱ्या आपण मंडळींनी काय करावे? 'पाळी' हा शब्द तर आपल्या देवस्थानांच्या परिचयाचा आहे. पूजेअर्चेची, नौबतीची सेवा पाळीपाळीने चालते, त्यामुळे एकाच देहाची झीज होत नाही. देवालासुद्धा शेजारती आहे. ती झाल्यावर दार लोटले जाते आणि कोणी दर्शनाचा हट्ट धरीत नाही. पंढरपुरास आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढून ठेवतात आणि विठ्ठल भक्तांसाठी अहोरात्र उभा राहतो. पण यात्रा आटोपली की प्रक्षाळपूजा होते. ऊन पाण्याने स्नान घालून देवाचा शीण काढतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवितात, आणि मगच नित्याचे राजोपचार पुन्हा सुरू होतात. जागरणानंतर देवाकडून आपण आधी उपवासाची अपेक्षा करीत नाही. आधी त्याचा श्रमपरिहार करतो. मग हाच न्याय रातपाळीहून आलेल्या माणसास लावण्यात आपल्याला अडचण कसली?

निदान इतके तरी आपल्या हाती आहे: त्याच्या देहावर भर सभामंडपात शेरा मारू नये, कणभर प्रसाद घेऊन त्याने हात जोडले तर दुसरा लाडू आग्रहाने त्याच्या हातावर ठेवू नये. प्रसादाची थोरवी कणातही तितकीच असते.

त्या तरुणाची पुन्हा भेट झाली, तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "मन कुठून आणू, असे विचारले होतेस. ते आणावे लागत नाही. आधी नीज पुरी कर. ते आपल्या पायांनी परत येईल. आले, की त्याला एकच लहानसे काम सांग." तो हसला आणि म्हणाला, "काका, मग आज आरतीला थांबत नाही. घरी जाऊन झोपतो." त्याच्या त्या जाण्याने देवाच्या सेवेत काही उणे पडले, असे आम्हांला वाटले नाही.